शनिवारची फणी

माझ्या सुनेला काही विचारलं की ती फणी झटकते. उत्तर नाही, हुंकार नाही. फणी मांडीवर आपटायची, तिच्यात अडकलेला गुंता बोटाला गुंडाळायचा आणि पुन्हा पुढ्यातल्या पोरीचा भांग काढायला घ्यायचा. सासू समोर उभी आहे, सासूच्या पदराला रक्त लागलेलं आहे, हे जणू तिला दिसतच नाही.

त्या शनिवारीही तेच. आमच्या मिशनच्या बोर्डिंगातल्या जानकीने चंद्री नावाच्या पोरीच्या डोक्यात पाटी घातली. पाटीचे तुकडे झाले आणि चंद्रीच्या कपाळातून निघालेली धार डोळ्यात उतरली. पोरगी आंधळ्यासारखी हात पुढे करून माझ्या स्वयंपाकघरात आली. मी जखमेत हळद दाबली, जुनेराची पट्टी फाडून बांधली आणि तशीच लिंबाखाली गेले. बघते तर जिने डोकं फोडलं तीच जानकी माझ्या सुनेच्या पुढ्यात पाठ करून बसलेली, आणि सून तिच्या केसांना तेल चोळते आहे.

"गंगासागर," मी म्हटलं, "कावून मारलं हिनं?"

फणी झटकली.

"तुला ठाव हाय. तुला समदं ठाव असतंय. बोल की."

"आत्याबाई, चंद्रीला निजवा जरा," ती म्हणाली. "हिचं झालं की मी येते."

असं बोलणं. मी भिवराबाई. माझ्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने आमच्या घराला बाहेरून कडी घालून आग लावली होती. मी माझ्या लेकराला, आश्रुबाला, काखेत मारून कुडाची भिंत खांद्याने पाडली आणि बाहेर आले. खांद्यावरचं कातडं अजून वितळल्यासारखं आहे. सिंदफणेच्या काठी मिशनने आवार बांधलं, शाळा काढली, मुलींचं बोर्डिंग काढलं, त्या बोर्डिंगातली पहिली चूल माझ्या हातची. माझा आश्रुबा त्या शाळेत मास्तर झाला. मिशनचे पाळक वर्षातून थोड्याच वेळा यायचे, एरवी देवळातली प्रार्थनाही आश्रुबाच करायचा. आणि ही गंगासागर, मोठ्या दुष्काळात बाजाराच्या ओट्याखाली मिळालेली, आई कोण, बाप कोण, कुणाला ठाऊक नाही. मिशनच्या मिससाहेबांनी तिला वाढवली आणि माझ्या मुलाच्या गळ्यात बांधली. भाकरी करते ती एका अंगाला जळते आणि दुसऱ्या अंगाला कच्ची राहते.

तिला शाळेत काम दिलं तेसुद्धा मिससाहेबांनीच. एक पोर बोर्डिंगातून पळाली होती आणि नदीच्या डोहात सापडली. त्या पोरीला काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मास्तर शिकवायला, मी जेवू घालायला, मिससाहेब हिशेब बघायला. मग मिससाहेब म्हणाल्या की पोरींनी ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असं एक माणूस शाळेत पाहिजे, आणि त्या माणसाने ऐकलेलं मास्तरांना सांगायचं नाही, मिससाहेबांनाही नाही. मला वाटलं आता माझं नाव घेतील. त्यांनी गंगासागरचं घेतलं. ऐकायचं काम. बसून ऐकायचं आणि त्याचं धान्य घ्यायचं. असं काम मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तिने त्याची एक रीत पाडली. शनिवारी न्हाणं झालं की पोरी एकेक करून लिंबाखाली यायच्या आणि तिच्याकडे पाठ करून बसायच्या. ती उवा काढायची, गुंता सोडवायची, वेणी घालायची. तेवढ्यात जिला बोलायचं ती बोलायची, नाही तिने मुंग्या बघायच्या. पोरीचं तोंड तिला दिसत नसे आणि तिचं पोरीला. वेणी झाली की पोर आपल्या केसांच्या गुंत्यावर थुंकायची आणि तो माझ्या चुलीत आणून टाकायची. आमच्या खेड्यांतून बाया विंचरलेले केस असेच थुंकून टाकतात, करणीच्या भीतीने. आश्रुबाला ते खपत नसे, ख्रिस्ती शाळेत हे कशाला म्हणायचा. पण पोरींनी आपसात ठरवून टाकलं होतं की गुंता जळाला म्हणजे बोललेलं कुठे जात नाही. माझं स्वयंपाकघर शनिवारी केसांच्या वासाने भरून जायचं.

ही जानकी गेल्या उन्हाळ्यात आलेली. आमच्याच मंडळीतला सटवा, कोसावरच्या वाडीत पाटलाच्या मळ्यात मोट हाकायचा, त्याची पोरगी. तिची आई मोटेच्या विहिरीत पाय घसरून मेली म्हणून सटवाने तिला आणून सोडली. उंचापुरा माणूस, गळा असा की देवळात गाणं त्यानेच उचलावं. बायकोला मातीत ठेवताना तो इतका रडला की मीसुद्धा डोळ्याला पदर लावला. पोरगी मात्र रडली नव्हती. ती बोलतच नव्हती. चावायची, ओरबाडायची. एकीच्या दंडाचा लचका तोडला होता तिने. मी सांगत होते की हिला घरी धाडा. सून फणी झटकायची.

पाटी फुटल्याचं आश्रुबाच्या कानावर गेलं. तो चिंचेची ओली शिमटी घेऊनच आला. माझा मुलगा वाईट नाही, पण मास्तरकीत त्याचा हात सैल होता, आणि पाटी मिशनची होती. त्याने जानकीचा दंड धरला आणि ओढली. अर्धे केस गंगासागरच्या हातात राहिले.

"अहो, हिचं इंचरून झालं न्हाई," ती म्हणाली.

"होईल," म्हणाला आणि पहिली शिमटी ओढली.

मी मधे पडले नाही. चंद्रीचं रक्त माझ्या पदरावर ओलं होतं. पायांवर, पाठीवर, हातांवर. परकराच्या काठाखाली लाल वळ उठले, मग फुटले. पोरगी ओरडत नव्हती म्हणून तो जास्त मारत होता. गंगासागर त्या दोघांत शिरली तेव्हा दोन फटके तिच्या मानेवर बसले. शिमटी मोडली. आश्रुबा दुसरी तोडायला चिंचेकडे वळला आणि तेवढ्यात ती पोर बोलली. मोठ्याने नाही. भाकरी वाढा म्हणावं तशी.

"मारून काय व्हतंय. हिरीत टाका मला. बानं मायला टाकलं तसं."

आश्रुबाचा हात चिंचेच्या फांदीवरच राहिला. मी गंगासागरकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काहीच नवल नव्हतं. म्हणजे तिला ठाऊक होतं. केव्हापासून, कोण जाणे. ती जानकीजवळ खाली बसली, तिला पाठमोरी केली, आणि जिथे सोडली होती तिथून वेणी पुढे घालायला लागली. पोरीच्या पायांवरून रक्त ओघळत होतं आणि ही वेणी घालत होती.

चंद्रीला मी निजवली तेव्हा तिने सांगितलं. विहिरीवर पाणी भरताना तिने चेष्टेने एका पोरीला काठावरून ढकलल्यासारखं केलं होतं. ढकलू का, असं म्हणाली होती. बाकी काही नाही.

आश्रुबा त्या दिवशी जेवला नाही. मी ताट पुढे केलं तर हात बघत बसला. सुनेला मी घरात गाठलं आणि खडसावून विचारलं की घरातल्या घरात तरी सांगायला काय झालं होतं, नवऱ्याला ठाऊक असतं तर त्याने हात उचलला नसता. ती म्हणाली की पोरीला सांगायचं होतं ते तिने सांगितलं, पण ते कुणाला सांगा असं ती म्हणाली नव्हती. "तिला येळ लागंल, आत्याबाई. तिचं तीच सांगंल. मंग मी तिच्यासंगं उभी ऱ्हाईन." आणि मानेवरच्या वळाला तेल लावायला लागली. मी म्हटलं, तवर खुनी मोकळा हिंडू दे का?

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा, सगळ्या मंडळीने देवळात भाकर वाटून घ्यायचा रविवार होता. त्या रविवारी वाड्यावस्त्यांवरून आमची माणसं येतात. देऊळ भरलं. सटवाची गाडी आली नव्हती. आश्रुबाने दारातून दोनदा बघितलं, मी त्याला बघताना पाहिलं. मग तो पुढे उभा राहिला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

माझा मुलगा प्रार्थना करतो तेव्हा ऐकत राहावं. पण ती प्रार्थना त्याच्या नेहमीच्या प्रार्थनांसारखी नव्हती. आधी त्याने आपल्या हाताबद्दल क्षमा मागितली. मग म्हणाला, "हे बापा, आमच्यामध्ये एक लेकरू आहे. तिच्या आईचं रक्त विहिरीतून तुला हाक मारतं, जशी भावाने मारलेल्या हाबेलाच्या रक्ताने जमिनीतून मारली. ज्या हाताने ते सांडलं, तो हात आमच्याच मंडळीत भाकर घेतो. त्या हाताला तू धर. जानकीला न्याय दे."

नावासकट.

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. मी मिटत नाही. मिटले तर जोडे चोरणाऱ्याला सोपं जातं. म्हणून मला दिसलं की दार काळवंडलं. गाडीचं चाक सरकलं असेल किंवा बैल अडला असेल, सटवा उशिरा पोचला होता. हातात टोपी घेऊन उंबऱ्यावर उभा होता आणि सगळं ऐकत होता. आणि आश्रुबाचे डोळे मिटलेले, सगळ्या देवळाचे मिटलेले. उघडे होते ते माझे आणि माझ्या सुनेचे. प्रार्थना चालू असतानाच ती उठली, जानकीचा हात धरला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडली. सटवानेही टोपी डोक्यावर ठेवली आणि वळला. आश्रुबा आमेन म्हणाला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही, कारण तोवर मी बाहेर होते.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ज्वारीची रिकामी कणगी होती. मी पोचले तेव्हा गंगासागर कणगीवर झाकण ठेवत होती. कणगीत पोर. तिने मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, मग जाऊन दारात उभी राहिली, उजवा हात चौकटीवर ठेवून. मी बाहेर उखळापाशी थांबले. बाहेर सटवाने गाडी सोडली नव्हती, फक्त जुवातली शिवळ उपसली होती. लोखंडी शिवळ, बैलाची मान अडकवायची. ती हातात खाली धरून तो आला.

आधी गोड बोलला. वहिनी म्हणाला. पोरीला घरी न्यायला आलो, म्हणाला, शाळा पुरे झाली, तिची चुलती आजारी आहे, हाताखाली कुणी पाहिजे. गंगासागर म्हणाली की मिससाहेब येईपर्यंत पोर जाणार नाही. बापाला पोर द्यायला मिससाहेब कशाला लागते, असं त्याने विचारलं. खरंच होतं ते. बाप न्यायला आला तर त्याला अडवायचा हक्क आमच्यापैकी कुणाला होता? निजाम सरकारच्या राज्यात नव्हता आणि कुठल्याच राज्यात नव्हता. ती पोर त्या गाडीत बसली असती तर वाडीपर्यंत पोचली नसती, हे मला आणि सुनेला सारखंच दिसत होतं.

मग तो एक पाऊल पुढे आला.

"काय सांगितलं तिनं तुमाला?"

"ती बोलली ते तिचं हाय," गंगासागर म्हणाली.

"मास्तर कुटून बोलला मंग? तुमी सांगितलं असंल."

"मी कुनालाच सांगितलं न्हाई."

"मंजी सांगण्यासारखं हाय."

ती गप्प राहिली. पोर काही बोलली नाही एवढं जरी म्हणाली असती तरी चाललं असतं. माझ्या तोंडात ते शब्द आले होते. पण ही कधी खोटं बोलायला शिकलीच नव्हती, आणि खरं तिला देता येत नव्हतं. सटवाने शिवळ उचलली आणि चौकटीवरच्या तिच्या हातावर घातली.

वाळलेल्या शेंगा पायाखाली आल्यावर वाजतात तसं वाजलं. तिने हात काढला नाही. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा घातली. बोटं चौकटीवरून निसटून खाली लोंबायला लागली, तेव्हा तिने डावा हात वर करून तिथे ठेवला. तोंडातून आवाज नाही. तिच्या खालच्या ओठाची कड दातांत गेली होती आणि हनुवटीवरून रक्त चोळीवर पडत होतं. मी तिला मनात शिव्या देत होते की ओरड बाई, देऊळ हाकेच्या अंतरावर आहे, ओरड. मग माझ्या ध्यानात आलं. ती ओरडली असती तर कणगीतल्या पोरीने ऐकलं असतं, आणि ती पोर बाहेर आली असती.

सटवाला मी दिसत नव्हते. म्हातारी बाई असल्या माणसांना दिसत नाही. मी उखळाजवळचं मुसळ उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर, बाजूने, होता नव्हता तेवढा जोर लावून हाणलं. गुडघा उलटा वळला. तो खाली आला तसं दुसरं खांद्यावर, तिसरं शिवळ धरलेल्या मनगटावर. चौथं डोक्यात घालणार होते. त्यात माझ्या मनाला काही वाटत नव्हतं, हे सांगायला मला लाज नाही. पण तोवर माणसं धावत आली आणि कुणीतरी मुसळ मागून धरलं.

सगळ्यात पुढे आश्रुबा. त्याने बायकोचा हात बघितला. मग सटवाच्या गाडीतला आसूड ओढून घेतला आणि पडलेल्या माणसाला झोडपायला लागला. काल पोरीला मारत होता तसाच, डोळे फाडून. सटवाचा सदरा फाटला, पाठ फाटली, तो गुरासारखा हंबरायला लागला. माणसं मागे सरली. कुणी अडवत नव्हतं. गंगासागर त्या मोडक्या हातासकट आसुडाखाली गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बस करा," ती म्हणाली. "पोर आत हाय. तिला ऐकू जातंय."

आसूड गळून पडला.

सटवाला गाडीच्या चाकाला बांधून ठेवलं आणि पाटोद्याला माणूस धाडला. दुसऱ्या दिवशी तिथल्या पोलिसचौकीचा अमीन आला, घोड्यावर, मागे दोन जवान. शाळेच्या ओसरीवर त्याला खुर्ची टाकली. अमीन घाईत होता. त्याच्या दृष्टीने बाईचा हात मोडला होता आणि बापाचा गुडघा, फिटंफाट झाली होती. सटवा आपलं सांगत होता की मी माझी पोर न्यायला आलो आणि या लोकांनी मला लुटून मारलं. बायकोचं म्हणाल तर पाय घसरला, अख्ख्या वाडीने बघितलं की मी किती रडलो. आश्रुबाने पोरीच्या तोंडचं ऐकलेलं सांगितलं. अमीन म्हणाला, मारता मारता पोराच्या तोंडून काहीही निघतं. ते खरंच होतं, म्हणून आश्रुबाची मान खाली गेली.

मग गंगासागरला पुढे बोलावलं. हाडं बसवणाऱ्याने तिच्या हाताला कामट्या बांधल्या होत्या आणि बोटं वांग्यासारखी झाली होती. अमीनने विचारलं, पोरीने तुला काय सांगितलं?

ती म्हणाली, "ते मी सांगणार न्हाई, साहेब."

अमीनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बाई, जो सुना वो बोल, नहीं तो तेरेकू बी अंदर डालतूं."

"डाला," ती म्हणाली.

मी तिथेच तिच्यावर धावून गेले. भर ओसरीत, परक्या माणसांसमोर. मी म्हटलं, तुझी बोटं मोडली ती कशापायी, पोरीपायीच ना, मग आता तोंड उघडायला काय धाड भरली आहे. तू बोलली नाहीस तर हा अमीन घोड्यावर बसून जाईल. मग हा सटवा चार दिवसांत लंगडत येईल आणि पोरीला घेऊन जाईल. तिला मारायला तूच देशील, आणि वर मिससाहेबांना दिलेल्या शब्दाचं नाव सांगशील. आणखीही बरंच बोलले. ती ऐकत होती. तेच तिचं काम.

माझं संपल्यावर तिने अमीनला एक विचारलं. पोर बोलायला तयार असेल तर तिचं ऐकाल का? अमीन म्हणाला, बोलू दे. गंगासागर म्हणाली, पण ती तुमच्याकडे तोंड करून बोलणार नाही. मला तिच्या मागे बसू द्या.

अमीन हसला. जवानही हसले. पण त्याने हाताने बस म्हणून खूण केली.

गंगासागर आत गेली. बराच वेळ आली नाही. अमीनने पानाचा डबा काढला. मग ती जानकीला घेऊन आली. ओसरीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून पोर बसली आणि गंगासागर तिच्या पाठीशी. उजव्या हाताला कामट्या, तिला फणी धरता येत नव्हती. तिने नुसता डावा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. आम्हा सगळ्यांना पोरीची पाठ दिसत होती आणि शनिवारची वेणी, विसकटलेली. चाकाला बांधलेला सटवा खाली अंगणात होता. तो एकदम म्हणाला, "जानके." एवढंच. गोड आवाजात.

पोरीचे खांदे वर गेले. गंगासागरने तिला काही म्हटलं नाही. घाई कर म्हणाली नाही, भिऊ नको म्हणाली नाही. हात तसाच ठेवला. आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत बसलो.

मग पोर भिंतीला सांगायला लागली.

"बैलांला पानी न्हवतं ठिवलं. माय जळण आणाया गेलती. बा आला, बैलं तानेली. मायला मोटंपाशी बोलवलं. शिवळ हानली, हितं." तिने आपल्या कानाच्या वर हात लावला. "माय बसली. उठ म्हनला तर उठना. मंग पायाला धरून हिरीत लोटली. मी आंब्यावर व्हते. मला म्हनला, खाली ये. मी आले न्हाई. रात पडली तवा आले. बोललीस तर तुला बी तितंच घालीन, म्हनला. म्या बाईला इचारलं, सांगू का. बाई म्हनली, तुला कवा वाटंल तवा."

अमीनने पान तोंडात घातलं नाही.

आमच्या माणसांत जाळत नाहीत, पुरतात. म्हणून अमीनने जानकीच्या आईची माती उकरायला लावली. मी आणि आणखी दोन बाया तिथे उभ्या होतो, बाईमाणूस आहे, पुरुषांच्या हाती कशी सोडायची. कवटीला कानाच्या वर भोक होतं, शिवळेच्या टोकाएवढं. विहिरीने तसं भोक पडत नाही. त्या बाईला मी पुन्हा नीट झाकली. सटवाला अमीनाने बीडच्या अदालतीत नेलं. तो परत आला नाही. देवळात गाणं उचलायला आता कुणी नाही, आम्ही सगळे बेसूर गातो. आश्रुबाने शिमटी टाकली ती टाकलीच, आणि दुसऱ्याचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करणंही. मनात करा, म्हणतो, आणि गप्प उभा राहतो.

सुनेची बोटं काही बसली नाहीत. तीन तळव्याकडे वाकून राहिली, अंगठ्याला जोर नाही. हाडं बसवणारा म्हणाला देवाची कृपा, हात राहिला. शनिवार आले आणि गेले. लिंबाखाली पोरी बसेनात. शेवटी मी म्हटलं मी विंचरते, मला काय झालं. मी फणी घेतली आणि बसले. पोरी आल्या. पाठ करून बसल्या. एक शब्द नाही. मान अशी आखडून धरायच्या की जणू मी सुरी घेऊन बसले आहे. मी आपणहून विचारलं एकीला, का गं, काही म्हणायचं आहे का. ती म्हणाली, आजी, केस ओढतायत. चंद्री तर रांगेतून पळूनच गेली. चुलीत गुंते पडले, पण नुसत्या केसांचे.

पुढच्या शनिवारी स्वयंपाकघराच्या दारातून बघते तर गंगासागर लिंबाखाली बसलेली. फणी डाव्या हातात. उजव्या हाताच्या वाकड्या बोटांच्या आकड्यात तिने केसांची बट अडकवली होती आणि डाव्याने फणी ओढत होती. वेडीवाकडी, मधेच अडकायची, पुन्हा काढायची. पुढ्यात जानकी. पोरीचे डोळे केस ओढल्याने पाणावले होते, पण ती हलत नव्हती. तिच्यामागे चंद्री रांगेत उभी, कपाळावरच्या वणाला हात लावत. जानकी काहीतरी बोलत होती. मला ऐकू आलं नाही. गंगासागर हसली, तेवढं दिसलं.

मी तेलाची वाटी घेऊन गेले आणि तिच्याजवळ ठेवली. तिने वर बघितलं. तिला वाटलं असेल आता सासू भांडते.

"गंगासागर," मी म्हटलं, "भाकर तुला येत न्हवतीच. आता तर पीठ बी मळाया यायचं न्हाई. सासूला उत्तर द्यायचं तू ह्या जन्मात शिकायची न्हाईस, आन् तुझ्यावानी हट्टी बाई म्या बगितली न्हाई. पर माजी येळ भरत आली म्हंजी पाळकाला बोलवू नगंस. आश्रुबाला प्रार्थना कराया लावू नगंस. ही फणी घिऊन ये. मी पाठ करून बसंन."